सांधे का धरतात?



२००६ सालची चिकुनगुन्याची साथ मराठवाड्यातील पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या एका वर्षात देशभर या रोगाचे सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रोगी नोंदले गेले. रोग आपल्याकडे अगदीच नवा होता असे नाही. १९७३ साली बार्शीस त्याची मोठी साथ येऊन गेली होती. परंतु पुढे तीस-बत्तीस वर्षे तो जणू नाहीसाच झाला आणि लोक त्याचे नावही विसरले. हे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे लोकांच्या भाषेतले आहे. १९५२ साली तेव्हाच्या टांगानिकात ही साथ उद्भवली, तेव्हा सांधे धरून वाकून चालणाऱ्या रोग्यांवरून 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचा हा शब्द रोगाला मिळाला.

या रोगात एक कोडे होते. ताप थोड्याच दिवसांत उतरे. विषाणूही रक्तातून साधारण आठवड्याभरात नाहीसा होई. तरी कित्येकांचे घोटे, मनगटे आणि बोटे पुढे महिनोन्महिने सुजलेली राहिली. सकाळी उठून पाण्याचा तांब्या उचलवेना, चपलेत पाय जाईना. शत्रू गेल्यावर मग घर कोण मोडत होते? विषाणूचे काही अवशेष सांध्यातील पेशींत मागे राहतात, असे काही संशोधकांस आढळले आहे. परंतु सांध्याची ती सूज आणि तो ठणका यांचा मोठा भाग आपल्याच शरीराच्या रक्षकांनी केलेला असतो. शत्रू गेला तरी पहारेकऱ्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत, असा हा प्रकार होय.

चिकुनगुन्यात बहुतेकांचे रक्षक उशिरा का होईना, शांत होतात. परंतु एक रोग असा आहे की, त्यात बाहेरचा शत्रू कोण हे सापडतच नाही आणि रक्षक मात्र वर्षानुवर्षे आपल्याच सांध्यांशी लढत राहतात. कुंपणानेच शेत खावे तशी ही गत आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात ज्याचे वर्णन आहे, तो आमवात याच्याशी पुष्कळसा जुळतो; म्हणून मी येथे आमवात हाच सोयीचा शब्द वापरणार आहे.

या रोगाची आतली यंत्रणा आज आपणांस समजावून द्यावयाची आहे. विषय रसायनशास्त्राचा आहे खरा. पण त्याचा संबंध थेट आपल्या हातांशी आहे. उमापूर-गेवराईकडे कापूस वेचावयाचा, ऊस तोडावयाचा, भाकरी थापावयाची, ती ज्या बोटांनी, त्याच बोटांवर हा रोग प्रथम बसतो. ती बोटे आज वाचविता येतात. मात्र वेळेत ओळखले तरच.

दोनशे माणसांत एक

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर फिरून सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या एका कार्यक्रमाचा तो भाग होता. पाहिलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठराहून अधिक लोकांना, हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते. त्यांत आमवात निघाला तो मात्र सुमारे दोनशे प्रौढांत एकाला.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाच हजार प्रौढ माणसांच्या गावात या हिशेबाने पंचवीसएक जणांना आमवात असेल. परंतु त्याच गावात गुडघे, कंबर, पाठ दुखते असे म्हणणारे नऊशे लोक असतील. त्या गर्दीत हे पंचवीस हरवून जातात. 'वय झाले', 'वात धरला', 'काम फार पडले' या तीन उत्तरांत त्यांची बोळवण होते. रोगी बहुधा स्त्री असते, कारण हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक होतो. आणि तिचे वयही अनेकदा तीस-चाळीसच्या घरात असते.

म्हणून झिजेचे दुखणे आणि दाहाचे दुखणे यांतील फरक प्रत्येकाने जाणून घ्यावा. झीज उतारवयाची, ती गुडघ्यासारख्या भार वाहणाऱ्या सांध्यात येते, चालण्याने वाढते आणि विसाव्याने कमी होते. दाह याच्या उलट वागतो. तो दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी व मधल्या पेरांत, मनगटांत, पायांच्या बोटांच्या बुडाशी दिसतो. सांधा सुजतो, दाबला की मऊ लागतो. सकाळी मूठ वळत नाही, आणि ही ताठरता तासभर किंवा त्याहून अधिक टिकते. कामाला लागल्यावर उलट थोडे बरे वाटते. थकवा येतो, अन्नावरची वासना उडते, वजन उतरते. कारण हा रोग सांध्यांपुरता नसून साऱ्या अंगाचा आहे.

दाह म्हणजे काय

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच सांगून ठेवली होती. पायात काटा मोडला की आपणही ती अनुभवतो. पण ती कशामुळे होतात, हे कळावयास १८८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इल्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात बारीक काटे टोचले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. दुसऱ्या दिवशी हिंडत्या पेशींनी त्या काट्यांना वेढा घातलेला होता. शरीरात परके काही शिरले की त्यावर धावून जाऊन ते गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्यातून उमगले. या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना पाउल एरलिख यांच्याबरोबर विभागून देण्यात आले होते. शरीर स्वतःवरच विष उगाळील ही गोष्ट एरलिख यांना निसर्गाच्या स्वभावाविरुद्ध वाटे. पुढे मात्र तसे घडते, असे दिसून आले.

आपल्या रक्षकदलात अनेक प्रकारचे शिपाई असतात. त्यांतील तीन ओळखून ठेवले म्हणजे आजच्या विषयापुरते पुरे. पहिल्या महाभक्षी पेशी. या गिळणाऱ्या, आणि धोक्याची आरोळी ठोकणाऱ्याही. दुसऱ्या 'टी' पेशी; आपले कोण आणि परके कोण, हे पारखून त्या इतरांना चेतवितात. तिसऱ्या 'बी' पेशी. त्या प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात. ती शत्रूला जाऊन चिकटतात आणि त्याच्यावर निशाणी करून ठेवतात.

आमवातात या निशाण्या चुकीच्या जागी लागतात. याचा उगम एका एन्झाइमात आहे. एन्झाइम म्हणजे शरीरातील रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. मराठीत त्याला विकर असेही म्हणतात. आर्जिनिन हे प्रथिनांच्या साखळीतील एक नित्याचे कडे आहे. एक विशिष्ट एन्झाइम त्याचे रूपांतर सिट्रुलिन नावाच्या निराळ्या कड्यात करते. असा बदल थोडाफार सर्वांतच होतो; पण धूम्रपानाने फुप्फुसात आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाने तोंडात तो वाढतो, असे मानण्यास आधार आहे. ज्यांना आईबापांकडून विशिष्ट वारसा मिळालेला असतो, त्यांच्या 'टी' पेशींना ही बदललेली प्रथिने परकी भासतात. मग 'बी' पेशी त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात. नवलाची गोष्ट अशी की, कित्येक रोग्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सांधा सुजण्याच्या आधी काही वर्षे सापडतात. रोगाची पेरणी होते तेव्हा हात अगदी धडधाकट असतात.

सांध्याच्या आत

सांध्यात दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. त्यांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. भोवतालच्या पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असते. निरोगी माणसात हे अस्तर एक ते तीन पेशींइतकेच जाड असते. वंगणासारखा द्रव पुरवून सांधा ओला ठेवणे एवढेच त्याचे काम.

आमवातात या अस्तरात रक्षकपेशींची गर्दी लोटते. अस्तर जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते गवतासारखे माजून कूर्चेवर पसरते. अस्तरातील मूळच्या तंतुजनक पेशीही बिघडतात. त्या काही विशेष एन्झाइमे ओततात. यांच्या अंगी जस्ताचा अणू असतो आणि कूर्चेचा आधार असलेले कोलॅजन हे प्रथिन तोडण्याची शक्ती असते. त्याच वेळी हाड खाणाऱ्या पेशींना चेतावणी मिळते आणि त्या हाडाच्या कडेला खाचा पाडू लागतात. क्ष-किरणांच्या चित्रात या खाचा दिसतात. उपचार न झाल्यास बहुतेक रोग्यांत त्या पहिल्या दोन वर्षांतच पडू लागतात. वेदना औषधाने दबते आणि सूज उतरते. पण पडलेली खाच पूर्ववत भरून येईल असा भरवसा धरता येत नाही.

निरोप आणि शिक्का

आता या साऱ्या पेशी एकमेकींना चेतवितात तरी कशा? त्या निरोप पाठवितात. महाभक्षी पेशी टी.एन.एफ. नावाचे प्रथिन सोडते. इंटरल्यूकिन-६ हे तसेच दुसरे. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. निरोप दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला येऊन मिळतो. पण ग्राहक म्हणजे दारावरची टपालपेटी. पत्र पेटीत पडले, तरी ते आतल्या कचेरीत कोणी नेले पाहिजे. ते काम काही एन्झाइमे करतात.

या एन्झाइमांच्या घराण्याला कायनेझ म्हणतात. त्यांची करामत साधी आहे. फॉस्फेट नावाचा लहानसा रासायनिक तुकडा ती दुसऱ्या प्रथिनाला जोडतात. सरकारी कागदावर शिक्का बसावा तसा हा प्रकार आहे. शिक्का नसलेला कागद फडताळात पडून राहतो. शिक्का बसला की तो चालू लागतो. शिक्का पुसणारी एन्झाइमेही पेशीत असतात. निरोगी शरीरात शिक्का मारणे आणि पुसणे यांचा मेळ बसलेला असतो. दाहात हा मेळ बिघडतो.

इंटरल्यूकिन-६ चा निरोप नेणाऱ्या कायनेझांना जॅक म्हणतात. जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवावरून हे नाव पडले. जानेवारी महिन्याचे नाव त्याच देवावरून आलेले आहे. जॅकच्या अणुरचनेतही दोन सारखे भाग आढळतात. एक शिक्का मारतो, दुसरा त्याला आवर घालतो. माणसात जॅकचे चार प्रकार आहेत. निरोप येताच ग्राहकाखाली बसलेले दोन जॅक जवळ येतात, एकमेकांवर शिक्का मारतात आणि मग स्टॅट नावाच्या प्रथिनांवर मारतात. शिक्का बसलेली दोन स्टॅट जोडीने पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तेथील काही जनुके चालू करतात. त्या जनुकांच्या हुकुमाने पेशी आणखी निरोप सोडू लागते. शेजारची पेशी तिचे ऐकून पेटते. गंजीची एक पेंढी पेटली की दुसरी पेटते, तसा हा दाह स्वतःच्याच इंधनावर चालत राहतो. बाहेरचा शत्रू नसताही लढाई का थांबत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

आणि उपायाची दिशाही येथेच दिसते. शिपाई मारण्याऐवजी त्यांचा निरोप अडवावा, ही ती दिशा होय.

उपचारांची वाटचाल

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांचे सहकारी यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. साऱ्या जगात खळबळ उडाली आणि १९५० साली हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबविताच रोग परत येई. आणि दीर्घकाळ दिले तर तोंड सुजे, हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे. कॉर्टिझोनच्या जातीच्या औषधांना आपण स्टेरॉइड म्हणतो. थोडक्या मात्रेत, थोडक्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आजही उपयोगी आहेत. पण नाव नसलेल्या पुडीतून ती दिली जातात, तेव्हा मोठा अनर्थ होतो. दुसऱ्या दिवशी उतार पडतो, रोगी पुडी देणाऱ्याचे गुण गातो आणि आत हाडाला खाच पडतच राहते.

खरा आधार मिळाला तो एका जुन्या औषधाने. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या हाताखाली १९४० नंतरच्या दशकात फोलिक आम्लाला विरोध करणारी काही द्रव्ये तयार झाली. मेथोट्रेक्झेट हे त्यांपैकीच. ती प्रथम रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. १९५१ साली त्यांतील एक द्रव्य आमवातावर योजून पाहण्यात आले, तेव्हा गुण दिसला होता. पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे रीतसर परीक्षणे होऊन १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्झेटला मान्यता मिळाली. आज जगभर उपचाराचा आरंभ बहुधा त्यानेच होतो. ते स्वस्त आहे. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून वार ठरवून कागदावर लिहून ठेवावा. गरोदरपणात ते घेऊ नये, त्याबरोबर दारू घेऊ नये, आणि रक्त व यकृत यांची तपासणी वेळच्या वेळी करावी.

यानंतर निरोप अडविण्याचे युग आले. मूळचे पंजाबातील लुधियानाचे रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये टी.एन.एफ. या एकाच निरोप्यास रोखून पाहिले. १९९२ साली रोग्यांवर पहिला प्रयोग झाला आणि सांध्यांची सूज उतरली. अनेक निरोप्यांच्या गर्दीत एकाला अडविल्याने एवढा फरक पडेल, असे पुष्कळांना वाटले नव्हते. ही औषधे टोचून घ्यावी लागतात आणि महाग असतात.

पुढची पायरी शिक्क्याची. ज्या मुलांत जन्मतः जॅक-३ हे एन्झाइम नसते, त्यांची संरक्षणशक्तीच उभी राहत नाही, असे १९९५ च्या सुमारास आढळले. यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान केले की, जॅक थोडे मंद केले तर माजलेले रक्षक आवरतील. त्यातून टोफासिटिनिब ही गोळी निघाली आणि २०१२ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आता ती भारतातही अनेक कंपन्या तयार करतात व तिची किंमत पुष्कळ उतरली आहे. प्रत्येक कायनेझ अडविल्याने गुण येतो असे मात्र नाही. पी-३८ नावाचे दुसरे एक कायनेझ रोखून पाहिले, तेव्हा लाभ टिकला नाही. एक वाट बंद झाली की पेशी दुसऱ्या वाटेने निरोप नेते.

किंमत

रक्षक आवरले म्हणजे खऱ्या शत्रूंनाही मोकळीक मिळते, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे पुष्कळांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. त्यांना कोंडून ठेवणारी तटबंदी टी.एन.एफ.च्या आधाराने उभी असते. तो आधार काढला की जंतू बाहेर पडतात. म्हणून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि क्षयाची तपासणी अगत्याची आहे. जॅक अडविणाऱ्या गोळ्यांनी नागीण होण्याचा संभव वाढतो. शिवाय पन्नाशीच्या पुढील आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रोग्यांच्या एका मोठ्या परीक्षणात हृदयविकाराचे झटके, रक्ताच्या गाठी आणि काही कर्करोग अधिक आढळले. त्यामुळे २०२१ साली अमेरिकी औषध प्रशासनाने या गोळ्यांवर ठळक इशारा छापावयास लावला. तात्पर्य, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी दुकानातून आणून घेण्याची ही वस्तू नव्हे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, काळ ओळखावा. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उपचार सुरू झाला तर रोग जवळजवळ पूर्ण शांत होण्याची आशा सर्वांत अधिक असते. दोन्ही हातांचे सांधे सुजले असून सकाळची ताठरता सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते दुखणे अंगावर काढू नये. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाने 'हंगाम उरकून पाहू' म्हटले, तर हे मोलाचे महिने फडातच जातात. निघण्यापूर्वी दाखवावे, आणि औषध सुरू झाल्यास चिठ्ठी व औषध बरोबर न्यावे.

दुसरी गोष्ट, योग्य ठिकाणी जावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. रक्ताच्या साध्या तपासण्या आणि हातांचे क्ष-किरण चित्र यांवरून निदानाला पुष्कळ मदत होते. पण रक्तातील तपासणी निर्दोष आली म्हणून रोग नाहीच असेही नसते. डॉक्टरांनी हात पाहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट, पुडी. आजवर जी घेतली असेल ती डॉक्टरांना न लाजता सांगावी आणि तिचा नमुना दाखवावा. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ते हळूहळू उतरवावे लागते.

चौथी गोष्ट घरातल्यांसाठी. सकाळी जिची मूठ वळत नाही, ती दुपारी कामाला लागलेली दिसते, म्हणून घरात तिला कामचुकार म्हटले जाते. सकाळचा हा जखडलेपणा रोगाचेच लक्षण आहे, हे सासरच्या व माहेरच्या माणसांनी जाणले, तर निम्मे काम झाले. तिला दवाखान्यात नेण्यासाठी जी एक दिवसाची मजुरी बुडेल, ती पुढच्या वीस वर्षांच्या मजुरीपुढे काहीच नाही. बिडी सोडावी, दात-हिरड्या निरोगी राखाव्यात, सूज उतरल्यावर बोटांचे व्यायाम नित्य करावेत, आणि बरे वाटले म्हणून औषध मनाने थांबवू नये. शिक्के मारणारे हात शांत झाले, तरी ते तेथेच असतात. औषधाने त्यांना आवर घातलेला असतो, एवढेच.